चौथा तारा

पहाटे चारला मी कढई तापवते.
साडेपाचला ते येतात: व्हर्नन, होलिस,
आणि टायरवाला डेल्बर्ट,
ज्याला डॉक्टरने साखर बंद केली आहे
तरी ग्लेझवाला एक लागतोच.
टेक्सासच्या पूर्वेचं हे गाव. एक सिग्नल, सात चर्च,
आणि शुक्रवारी रात्री दिव्यांखाली एक मैदान.
बाकीचं गाव त्याच्या भोवतीनं उभं आहे.

आज पुन्हा मार्केल.
मार्केल टिलरी, वय सतरा, तीन तारे,
देशात चारशे बारावा.
"चारशे बारावा!" डेल्बर्ट टेबलावर हात आपटतो,
कॉफी सांडते, मी फडकं घेऊन जाते.
"याच्याहून भारी चारशे अकरा पोरं? एक दाखव मला."
व्हर्नन चष्मा वर सरकवतो. त्याच्याकडे आकडे असतात.
चाळीस यार्ड, साडेचार सेकंद,
"पण घड्याळ कोचच्या हातातलं,
आणि कोचचा अंगठा मायाळू."
उंची लिहिलीय सहा फूट दोन.
"बुटांसकट," व्हर्नन म्हणतो, "आणि केसांसकट."

होलिसने बावीस वर्षं याच शाळेत संघ घडवला.
तो डोनटच्या भोकातून खिडकीकडे बघतो.
"डॅलसच्या कॅम्पला जायला हवा होता," म्हणतो,
"जो दिसत नाही, त्याला तारा कोण लावणार?"

डॅलसचा कॅम्प शनिवारी होता.
शनिवारी मार्केल माझ्याकडे असतो.
मैद्याची पोती, पन्नास पौंडांची,
दोन खांद्यांवर दोन,
मागच्या दारातून आत, पायरीकडे न बघता.
त्या पायरीवर माझा नवरा दोनदा पडलाय.
हे मला कुणी विचारलं नाही.

बाट्टमबँगला माझा मामा म्हशी घ्यायचा.
दात बघायचा, खूर बघायचा,
पाठीवर थाप मारून कान लावायचा,
आणि तरी फसायचा.
पाण्यात बसलेल्या म्हशीचं मोल मात्र
त्यानेही कधी केलं नाही.
इथे हाताची लांबी, पंजाची वीत,
घोटा अजून किती भरेल,
माणसाच्या लेकराबद्दल असं बोलतात,
आणि जीव लावून बोलतात.
एवढी वर्षं झाली, मला अजून उमगत नाही.

ऑक्टोबरात मोठ्या विद्यापीठाचा फोन आला.
दुसऱ्या दिवशी चौथा तारा.
गुडघे तेच, पायरी तीच,
मधल्या रात्री तो फक्त झोपला होता.

मग जे सुरू झालं!
फोन आला म्हणून तारा,
की तारा येणारच होता, त्याचा वास लागून फोन?
"म्हणजे तारे लावणारे विद्यापीठांचीच नक्कल करतात!"
"आणि विद्यापीठं एकमेकांची!"
"मी पहिल्यापासून सांगत होतो."
"तू? तू तर म्हणालास, पोरगं बुटकं आहे."
अकलेचे इतके तारे तुटले त्या सकाळी
की केर काढताना मला वाटलं, सुपलीत काहीतरी चमकेल.

शनिवारी मार्केल आला, वेळेवर.
मी त्याच्याकडे बघितलं, तो पोत्यांकडे.
"मिस सोफल," म्हणाला, "पुढच्या वर्षी
ही कोण उचलणार?"
चारशे बारावा आता एकशे नव्वदावा झालाय,
ते त्याला माहीत होतं की नाही, कळलं नाही.

त्याच्या मागे त्याचा धाकटा उभा होता, बारा वर्षांचा,
पोत्याच्या कानाला धरून ओढून बघत.
पोतं वीतभर सरकलं.
काउंटरपलीकडे डेल्बर्टची मान वळली.
"व्हर्नन," तो हळूच म्हणाला, "त्याचे पंजे बघ."

मी पोराच्या हातात गरम डोनट दिला,
दोन्ही हात भरतील एवढा,
आणि मधलं दार लोटून घेतलं.